आधी बॉडी, मग बाकी सगळं: १/२४ स्केलची मॉडेल कार जोडण्याचा क्रम

किटच्या डब्यातलं सूचनापत्रक पहिल्याच पायरीत इंजिन जोडायला सांगतं. इंजिन नसेल तर सस्पेन्शन. बॉडीचा नंबर लागतो अगदी शेवटी. नवखा माणूस इमानेइतबारे त्याच क्रमाने जातो. चेसिस, सीट, डॅशबोर्ड सगळं निगुतीने करतो आणि मग गाडी पुरी झालेली बघायच्या घाईत बॉडीवर स्प्रे मारतो. रंग पुरता वाळायच्या आत काचा बसवतो आणि छतावर अंगठ्याचा ठसा कायमचा राहतो.

रणगाड्याच्या मॉडेलवर चिखल आणि गंज दाखवून बरेच दोष झाकता येतात. शोरूममधून नुकत्याच निघालेल्या गाडीला ती सोय नाही. बघणाऱ्याची नजर आधी छतावर आणि बॉनेटवर जाते. तिथे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दिसलं तर सायलेन्सर किंचित वाकडा आहे हे कुणी बघतसुद्धा नाही. म्हणून इथे सांगतोय तो क्रम पत्रकाच्या उलटा आहे. पहिल्या दिवशी हात बॉडीला लावायचा, आणि तिचा एकेक थर वाळत असताना बाकीची गाडी जोडायची.

किट निवडताना

आधी स्केल ठरवा. मारुती स्विफ्ट ३.८६ मीटर लांब आहे. ती १/२४ मध्ये साधारण १६ सेंटिमीटर होते, १/४३ मध्ये ९ आणि १/६४ मध्ये ६. टामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या जपानी कंपन्यांची गाड्यांची बहुतेक किट १/२४ मध्ये असतात. या चारही कंपन्या एकाच शिझुओका प्रांतातल्या. टामियाची सुरुवात तर १९४६ साली लाकडाच्या वखारीपासून झाली. आधी लाकडी मॉडेलं, मग प्लास्टिक. अमेरिकन एएमटी आणि एमपीसीची किट बहुधा १/२५ असतात. स्विफ्टएवढ्या गाडीत दोन्ही स्केलमधला फरक सहा-सात मिलिमीटरचा, त्यामुळे दोन्ही एका कपाटात खुशाल ठेवा. १/१२ ची मोठी किट बघून जीव जळतो, पण पहिलं किट ते नको.

मग इंजिनाचं काय? बॉनेट उघडणारं, आत पूर्ण इंजिन असलेलं किट आकर्षक वाटतं खरं, पण उघडणारा प्रत्येक भाग म्हणजे बसवताना जुळवायची आणखी एक फट. पहिल्या दोन-तीन गाड्या बिनइंजिनाच्या घ्या. टामियाची टोयोटा जीआर ८६ त्यासाठी चांगली: भाग नेमके बसतात, आकार साधा आहे आणि एकाच गडद रंगात ती शोभते. गोंद आणि रंगाचीच धास्ती असेल तर आओशिमाच्या १/३२ स्नॅप किट मालिकेतली सुझुकी जिम्नी घ्या. तिचे भाग आधीच रंगीत प्लास्टिकचे असतात आणि दाबून बसवायचे असतात. एका संध्याकाळचं काम आहे. निपर (भाग कापायची छोटी पक्कड) कसा धरायचा एवढं त्यातून हाताला कळतं.

जुनी किट घेताना डबा नवा की साचा नवा, हे बघायला शिका. कंपन्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे साचे पुन्हा बाहेर काढतात आणि डब्यावर ताजं चित्र छापतात. एएमटी आणि एमपीसीचे जुने साचे आज राउंड २ ही कंपनी अशाच पद्धतीने विकते. त्यात वाईट काही नाही. १९५८ पासून एएमटी एकाच डब्यात मूळ, कस्टम आणि रेसिंग अशा तीन तऱ्हांनी जोडता येणारी किट देत असे, आणि त्या जादा भागांचा खजिना पुनर्मुद्रित डब्यातही बऱ्याचदा मिळतो. मात्र अशा किटमध्ये कडांना प्लास्टिकचा पापुद्रा जास्त येतो, भाग जुळवायला घासकाम लागतं. स्केलमेट्स या संकेतस्थळावर बहुतेक किटची वंशावळ सापडते: साचा कोणत्या साली बनला, कोणत्या डब्यांतून फिरला. पैसे मोजण्यापूर्वी तिथे डोकावा. संग्राहकांसाठी तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ‘दुर्मीळ’ म्हणून चढ्या भावाने घेतलेलं किट पुढच्या वर्षी पुन्हा बाजारात आलं की त्याचा भाव कोसळतो.

संग्रहाला एखादा विषय असला की खिशावर लगाम राहतो. आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या गाड्या हा विषय मराठी माणसाला सहज सुचतो, पण तो दिसतो त्याहून अवघड आहे. अँबॅसिडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज ३ आणि पद्मिनी म्हणजे फियाट ११००डी. जपानी कंपन्यांचा भर स्वतःच्या देशातल्या गाड्यांवर आणि स्पोर्ट्स कारवर, तेव्हा या दोघींसाठी डायकास्ट, म्हणजे धातूच्या तयार, खेळण्यांकडे वळावं लागतं. जिप्सीच्या जवळ मात्र जाता येतं. हासेगावाने जेए११ जिम्नी १/२४ मध्ये काढली आहे आणि जिप्सी त्याच पिढीतली. फक्त जिप्सीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) लांब होता, म्हणजे चेसिस आणि बॉडी दोन्ही कापून वाढवायची तयारी हवी.

परदेशातून मागवणार असाल तर आधी आयात शुल्काचा हिशेब करा. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. ऑर्डर देण्यापूर्वी चालू दर बघा. अमेरिकेतून किंवा जपानहून येणाऱ्या भाच्याला किट आणायला सांगा, रंग नाही. लॅकर (थिनरमध्ये विरघळवलेले, चटकन वाळणारे रंग) आणि त्यांचे स्प्रेचे डबे ज्वलनशील असतात, विमानात चालत नाहीत आणि विमानतळावर फेकून द्यावे लागतात. रंग इथेच घ्या.

हत्यारं

यादी लांब करण्यात अर्थ नाही. स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) भाग कापायला एका बाजूने सपाट पात्याचा निपर, टोकदार पात्याची हॉबी नाइफ आणि भरपूर जादा पाती, चिमटा, ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर, टामियाचा मास्किंग टेप, आणि पातळ सिमेंट. हे सिमेंट गोंद नाही, ते प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं. भाग आधी जुळवून धरायचे आणि सांध्यावर ब्रशचं टोक टेकवायचं. द्रव आपोआप आत ओढला जातो. रंग किंवा क्रोम असलेल्या जागी ते धरत नाही, तिथलं आवरण आधी खरवडायला हवं.

पैसे वाचवायचे तर इतरत्र वाचवा, निपरवर नको. बोथट निपर भाग ओरबाडतो आणि पांढरा डाग पाडतो, मग तो घासत बसा.

आणखी एक खर्च टाळू नका: सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क. कापडी मास्क किंवा एन९५ थिनरची वाफ अडवत नाहीत. फवारणी गच्चीत किंवा उघड्या खिडकीपाशी करा. स्वयंपाकघरातला गॅस, देवघरातलं निरांजन यांच्या आसपास अजिबात नको.

बॉडी: रंगाआधीचं काम

बॉडी स्प्रूवरून काढली की कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटून यावी म्हणून लावलेला तेलकट थर तिच्यावर असतो, त्यावर रंग धरत नाही. वाळल्यावर चेसिस, काचा, बंपर, दिवे सगळं गोंदाशिवाय लावून बघा. काच आत जाते का? बॉडी चेसिसवर चढवताना खालचा पट्टा किती ताणावा लागतो? हे आत्ता कळलं तर घासता येतं. रंगानंतर कळलं तर रंगासकट घासावं लागतं.

मग बॉडी दिव्याखाली तिरकी धरा. साच्याच्या दोन अर्ध्यांमधली बारीक रेघ मडगार्डवरून, खांबांवरून, बंपरच्या कोपऱ्यांवरून गेलेली दिसेल. डोळ्यांना दिसली नाही तरी नखाला लागते, आणि चकचकीत रंगाखाली तर ती ठळक होते. सुरीच्या पात्याच्या मागच्या, बोथट कडेने ती खरवडा, मग ६००, ८००, १००० असा पाण्यात बुडवलेला पेपर फिरवा. जाड भागांवर प्लास्टिक आकसून पडलेले खळगे असतात, ते पुट्टीने भरा. गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात तेच काम, प्रमाण फक्त लहान.

दाराच्या, बॉनेटच्या रेषा थोड्या खोल करून घ्या. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) असे तीन-चार थर बसल्यावर उथळ रेषा बुजतात आणि दार बॉडीवर रंगवल्यासारखं दिसतं. सुरीची मागची कड आहे त्या रेषेतूनच हलक्या हाताने दोन-तीनदा ओढली तरी पुरते. जोर लावलात तर पातं घसरून दारावर ओरखडा उठेल.

बंपर आणि बॉडीमधली फट खऱ्या गाडीत असते का, हे फोटो बघून ठरवा. नसेल तर बंपर आत्ताच चिकटवा आणि सांधा घासून नाहीसा करा.

रंग

पहिला थर प्रायमरचा. राखाडी प्रायमर दोष दाखवतो, म्हणून आधी तो. पुन्हा घासा, पुन्हा मारा. पिवळा, लाल किंवा पांढरा रंग द्यायचा असेल तर वर पांढरा प्रायमर, लालसाठी गुलाबीसुद्धा चालतो. प्लास्टिकच लाल असेल आणि गाडी पांढरी करायची असेल तर जपून, लाल रंग थरांतून झिरपून वर येतो आणि पांढरी गाडी गुलाबीसर होते. मध्ये चंदेरी रंगाचा थर दिला की तो अडतो.

सुरुवातीला टामियाचे टीएस स्प्रे पुरेसे आहेत. पीएस नावाचे डबे शेजारीच असतात. ते रिमोटच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी, ते घेऊ नका. एअरब्रश असेल तर ०.३ मिलिमीटरचा नोझल, लॅकर एकास एक ते एकास दोन पातळ केलेला, आणि दाब १ ते १.५ बार. गाडीच्या रंगाच्या दुकानातून कंपनीच्या कोडनुसार रंग मिसळून घेण्याचा मोह अनेकांना होतो. प्लेन रंगासाठी ठीक आहे, पण नीट प्रायमर हवाच, कारण त्यातला थिनर नुसतं प्लास्टिक खातो. मेटॅलिक मात्र नको: खऱ्या गाडीसाठी बनवलेले चमकीचे कण १/२४ मध्ये खड्यांएवढे दिसतात.

बॉडी एखाद्या रिकाम्या डब्यावर टेपने पक्की बसवा. स्प्रेचा डबा कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा, गरम पाण्यात कधीही नाही. मग चांगला हलवा. १५ ते २० सेंटिमीटरवरून, बॉडीच्या बाहेर फवारा सुरू करून बॉडीच्या बाहेरच थांबवायचा. आधी कडांवर आणि खाचांवर हलका फवारा, कारण रंग कडांवरून मागे सरकतो. मग पूर्ण बॉडीवर दोन धूसर थर, दर थरानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबून. शेवटी एकच ओला थर, पृष्ठभाग ओलसर चमकेल इतका. फार लांबून मारलं तर रंग हवेतच सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसतो. फार जवळून मारलं तर ओघळ येतो. संपलं की मोठा प्लास्टिकचा डबा उपडा घालून झाका आणि खोली सोडा. बोट लावून बघायचं नाही.

आपल्याकडे कधी फवारायचं हा प्रश्न कसं फवारायचं याइतकाच मोठा आहे. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असेल तर तिच्यातलं पाणी तिथेच बसतं आणि काळी गाडी दुधट दिसू लागते. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळाभर हीच गत. तिथे दिवाळीनंतरपासून होळीपर्यंतचा काळ फवारणीला उत्तम. जूनपासून ब्रशने करायची कामं काढा: सीट, डॅशबोर्ड, इंजिन. दुधटपणा आलाच तर घाबरू नका, रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) मिसळलेल्या लॅकर थिनरचा हलका फवारा दिला की बहुतेक वेळा तो जातो. विदर्भ-मराठवाड्यात अडचण उलटी. एप्रिल-मेच्या दुपारी रंग बॉडीवर पोचण्याआधीच सुकतो आणि हवेत धूळही असते. तिथे सकाळी लवकर उरकून घ्या.

वाळला की नाही हे कळायला नाक वापरा. बॉडी नाकाजवळ धरा. थिनरचा वास येतोय तोवर रंग आतून ओला आहे. वरून हाताला कोरडा लागला तरी फसू नका.

वाळेपर्यंत बाकीची गाडी

आता पत्रकातली पहिली पायरी. चेसिसला सेमी-ग्लॉस काळा. इथे मोजकं सांगतो, कारण सूचनापत्रक हे सगळं चांगलं सांगतं. एकाच काळ्या रंगात आतलं सगळं रंगवू नका. डॅशबोर्ड मॅट, सीट सेमी-ग्लॉस, कार्पेट किंचित राखाडीकडे झुकणारा, एवढ्या फरकाने काचेतून आतलं वेगळं ओळखू येतं. टायरच्या मधोमध साच्याची रेघ असते, ती पेपरने घासा. घासल्यावर रबर वापरलेल्या टायरसारखं निस्तेजही दिसतं. टायरऐवजी इतर रबरी भाग रंगवायचे असतील तर टामियाचा एक्सएफ-८५ हाच रंग त्यासाठी आहे.

किटमधलं क्रोम बरंचसं खेळण्यातल्या गाडीसारखं दिसतं. ते ब्लीचमध्ये बुडवून ठेवलं की सुटतं (हातमोजे घाला), मग क्रोम शाईचा पेन किंवा चांगला चंदेरी रंग द्या.

चारही चाकं काचेच्या तुकड्यावर टेकतात का हे सिमेंट ओलं असतानाच तपासा.

डिकल, क्लिअर, पॉलिश

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चित्रं-अक्षरं, चकचकीत पृष्ठभागावरच लावायचे. खडबडीत रंगावर खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी छटा दिसते. कोमट पाण्यात अर्धं मिनिट, मग कागदासकट जागेवर नेऊन सरकवायचं, कापसाच्या बोळ्याने मधून बाहेर पाणी काढायचं. वळणदार जागी मायक्रो सोलसारखा सॉफ्टनर लावला की डिकल सुरकुततो. तो सुरकुतला की हात मागे घ्या, वाळताना आपोआप ताणून बसतो.

एक पूर्ण दिवस गेल्यावर क्लिअर. टामियाचा टीएस-१३ सुंदर चमकतो, पण तो डिकल खातो. पहिले तीन-चार थर अगदी धूसर, मध्ये मध्ये थांबून, आणि डिकल झाकले गेल्यावरच ओला थर. गॅरेजमधला दोन भागांचा क्लिअर काचेसारखा बसतो हे खरं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ती वाफ फुप्फुसांना घातक असते. नीट मास्क आणि मोकळी हवा नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. माझ्या मते नवख्याला त्याची गरजही नाही.

आठवडाभर थांबा. मग २००० नंबरचा पेपर पाण्यात साबणाचा थेंब घालून हलक्या हाताने फिरवा, चमक जाऊन पृष्ठभाग एकसारखा दुधट होईपर्यंत. खोल ठिपके चमकत राहिले तर तिथे अजून घासायचं आहे. कडा, मडगार्डचे उंचवटे, बॉनेटच्या रेषा यांच्यापासून दूर राहा. तिथला थर सर्वात पातळ असतो आणि क्षणात खालचा प्रायमर दिसतो. हवं तर कडांवर टेप लावून घ्या. त्यानंतर टामियाची कंपाउंड: लाल झाकणाचं जाड, निळ्याचं बारीक, पांढऱ्याचं शेवटचं. प्रत्येकाला वेगळं मऊ कापड. कंपाउंड रेषांत पांढरं अडकतं, ते ओल्या टूथब्रशने काढा.

शेवटची जोडणी

खिडक्यांभोवतीचं काळं रबर टेप लावून रंगवा. टेपची कड टूथपिकने दाबली नाही तर रंग खाली झिरपतो. जुन्या गाड्यांच्या क्रोम पट्ट्यांना बेअर-मेटल फॉइल (चिकट पाठीचा धातूचा पातळ पत्रा) लावा, नव्या पात्याने कापा. दाराच्या रेषांत पॅनल लायनर (खाचेत आपोआप पसरणारा पातळ रंग) सोडताना लाल गाडीला गडद तपकिरी आणि पांढरीला राखाडी वापरा. पांढऱ्या गाडीवरच्या काळ्या रेषा चित्रातल्यासारख्या दिसतात.

काचांसाठी फेविक्विक नको. सायनोॲक्रिलेटची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरा धूर धरते आणि तो जात नाही. फेविकॉल एमआर टूथपिकने कडेकडेने लावा. वाळल्यावर पारदर्शक होतो, सांडला तर ओल्या बोळ्याने पुसता येतो. दिव्यांच्या काचा आणि आरसे याच गोंदाने बसवा. आरसे अगदी शेवटी, कारण हाताळताना सगळ्यात आधी तेच मोडतात.

बॉडी चेसिसवर चढवताना एक बाजू आधी बसवा, दुसरी हलकेच फाकवून. आवाज आला तर थांबा.

ठेवणं आणि साठवणं

तयार गाडी बंद काचेच्या कपाटात, थेट उन्हापासून दूर ठेवा. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झाडा. कापडाने पुसलं की चमकदार रंगावर गोल गोल ओरखडे उठतात.

न जोडलेल्या किटची काळजी वेगळी. डबा उघडला की टायर लगेच वेगळ्या झिप पिशवीत घाला. मऊ टायरमधलं रसायन वर्षानुवर्षं लागून राहिलं तर रिम आणि काचा वितळवतं, आणि जुन्या किटमध्ये हे फार दिसतं. डिकलही स्वतंत्र पिशवीत, सपाट ठेवा. पिवळे पडलेले डिकल प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवले तर काही आठवड्यांत बरेच पांढरे होतात. डब्यांच्या उंच चळती रचू नका, खालचे डबे चेपतात आणि आतली बॉडी वाकते. कोकणात किंवा मुंबईत असाल तर कपाटात सिलिका जेल ठेवा आणि दर पावसाळ्याआधी ते वाळवून घ्या. जोडून झालेल्या किटचं पत्रक, उरलेले डिकल आणि जादा भाग त्याच डब्यात ठेवा. पुढच्या गाडीला आरसा हवा असतो तेव्हा तो तिथेच सापडतो.